छाती दाबणारं यंत्र घेऊन बोईसरला

नागपूरहून पालघर-बोईसरला कोणी सहलीसाठी जात असेल असं मला वाटत नाही. मी गेले ते एका यंत्रापायी. परत आल्यावर मैत्रिणींनी विचारलं, समुद्र पाहिलास का, मासे खाल्लेस का? दोन्ही केलं. पण सांगायला बसले की दोन वाक्यांत मी त्या यंत्रावर घसरते, आणि मैत्रिणी एकमेकींकडे बघायला लागतात. इथेही तसंच होणार आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मी भूल देणारी डॉक्टर. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. माणसाचं हृदय एकाएकी बंद पडलं तर त्याची छाती दोन्ही हातांनी जोरात, एका लयीत दाबत राहावी लागते, म्हणजे निदान मेंदूला रक्त मिळत राहतं. रुग्णालयात ते जमतं, एक दमला की दुसरा पुढे होतो. धावत्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मात्र एका हाताने टपाची दांडी धरावी लागते आणि छाती दाबायला लागतात दोन हात. सगळं तिथेच फसतं. एक वर्ष परदेशात शिकायला होते तेव्हा मी यावरचा उपाय पाहिला होता. पाठीखाली एक फळी, तिच्या बाजूला खांब, खांबाला आडवा हात आणि त्या हाताला रबरी गादी लावलेला दट्ट्या. ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या दाबावर तो दट्ट्या खालीवर होतो आणि छाती दाबत राहतो. तो दमत नाही, वळणावर तोल जाऊन पडत नाही.

मुंबईच्या एका धर्मादाय ट्रस्टला असं एक यंत्र देणगीत मिळालं. बोईसरला त्यांचा छोटा दवाखाना होता आणि एक अ‍ॅम्ब्युलन्स. निम्म्या विश्वस्तांना वाटत होतं, यंत्र मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयाला द्यावं, तिथे शोभेल. निम्मे म्हणत होते, बोईसरला द्या. शेवटी त्यांनी मला पत्र घातलं, की तुम्ही असं यंत्र वापरलेलं आहे, तर आठ-दहा दिवस जा आणि घरापासून रुग्णालयातल्या खाटेपर्यंत ते मध्ये न थांबता चालतं का बघा. चाललं तर बोईसरला राहील, नाहीतर मुंबईला जाईल. मला त्या "शोभेल" शब्दाचा राग आला होता. मुंबईच्या रुग्णालयात हात भरपूर होते, तिथे ते काचेच्या कपाटातच गेलं असतं. खरं सांगायचं तर नागपूर सोडतानाच माझा निर्णय झाला होता. फक्त तो खरा करून दाखवायचा होता.

बोईसर

बोईसरला उतरल्यावर पहिल्यांदा भेटतो तो वास. कारखान्यांचा वास दिवसातून तीन वेळा बदलतो, सकाळी आंबट, दुपारी जळकट, आणि संध्याकाळी कोणीतरी फिनेल सांडल्यासारखा. दवाखान्यामागच्या नाल्याचं पाणी मी पोचले त्या दिवशी गुलाबी होतं. "उद्या निळं असेल," असं न्यायला आलेल्या गजाननने मला सांगितलं, जणू काही पाहुण्यांना दाखवायचं ते एक प्रेक्षणीय स्थळच. गजानन हा अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, राहणारा जवळच्याच सालवडचा. त्याची मॅटाडोर जुनी होती, पण आतून आरशासारखी पुसलेली.

दवाखान्यात मालतीबाई होत्या. चाळिशी उलटलेल्या, बारीक अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत. त्या नर्स होत्या, आणि अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मागे बसणारं माणूस म्हणजे कायम त्याच. चहा पिताना मी विचारलं, "वाटेत हृदय बंद पडलेले किती पेशंट तुमच्या हातून वाचले?" सरळ विचारायचा माझा स्वभाव आहे आणि त्याने मी बऱ्याच जणांना दुखावलं आहे. मालतीबाईंनी कप खाली ठेवला.

"एकही नाही," त्या म्हणाल्या. "दाबत दाबत नेते. पालघरच्या रुग्णालयाच्या फाटकापर्यंत दाबते. वळणावर पडते, परत उठते. एकदा मनगट मोडलं. पण जिवंत उतरवलेला एकही नाही."

असं बोलून त्या उठल्या आणि यंत्राची पेटी उघडायला घेतली. त्यांना मी किंवा ट्रस्ट यांत काडीचा रस नव्हता, फक्त त्या दट्ट्यात होता. मला त्या तिथेच आवडल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही गोणपाटाच्या पोत्यात ओली वाळू भरून पेशंट तयार केला. सिलिंडर मॅटाडोरमध्ये पक्का बांधला आणि त्याची रुग्णालयातल्या खाटेपर्यंत पुरेल एवढी लांब नळी यंत्राला जोडली. पाळी सुटलेले कामगार भोवती जमले. एकाने काळजीच्या सुरात विचारलं, "मॅडम, ये बोरी बच जाएगी ना?" सगळे हसले, मीही हसले. पोतं बोईसरहून पालघरला नेलं. दुतर्फा गवताच्या गंजी, मध्येच ताडाची झाडं, आणि रस्ता असा की दाताला दात लागावेत. दट्ट्या एकदाही थांबला नाही. पालघरच्या रुग्णालयात पोतं खाटेवर ठेवलं तेव्हा तिथले डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "पेशंटची प्रकृती स्थिर आहे." मला वाटलं, झालं काम. आठ दिवस कशाला, दोन दिवसांत परत जाते.

मालतीबाई म्हणाल्या, "पोत्याला नातेवाईक नसतात, मॅडम."

सातपाटी

म्हणून मग आम्ही सातपाटीला गेलो. मालतीबाईंचं माहेर तिथलं. माणसासकट आणि नातेवाईकांसकट तालीम करायची ठरली. गावात शिरतानाच दोन्ही बाजूंना बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत होते. आमच्याकडे पापड-कुरडया वाळत घालतात त्याच निगुतीने बायका जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, पसरत होत्या, अगदी रस्त्याच्या डांबरावरसुद्धा. गजाननने हॉर्न दिला. एका बाईने मान वर करून आमच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा जवळा पसरायला लागली. शेवटी गजानन उतरला, मालतीबाई उतरल्या, मी उतरले, आणि आम्ही तिघांनी सूप घेऊन वाटेपुरता जवळा गोळा केला. तो वास माझ्या पदराला नागपूरपर्यंत होता.

ज्यांच्याकडे गेलो ते नारनदादा, एका होडीचे तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके. त्यांची बायको हिराबाय पालघरच्या बाजारात मासे विकायची. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण होतं. मी सावजी रस्सा खाऊन वाढलेली बाई, तिखटाला घाबरत नाही, पण त्या कालवणाच्या पहिल्या घासाला माझा श्वास अडकला. नारनदादा माझ्याकडे बघत होते.

"डाक्टरीनबाय, तुमचं मशीन आनू काय?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं, "अजून एक भाकरी आणा." मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. दुसरीला चव कळायला लागली होती.

जेवणानंतर नारनदादांचा धाकटा भाऊ धर्मा पेशंट व्हायला तयार झाला. त्याला स्ट्रेचरवर निजवलं आणि दट्ट्या छातीला टेकणार नाही इतका वर बांधून हवेतच चालू ठेवला. सगळीकडे करतात तसंच आम्ही त्याला डोक्याच्या बाजूने आत सरकवलं, म्हणजे डोकं ड्रायव्हरकडे आणि पाय मागच्या दाराकडे. मागून टेम्पोतून निम्मी आळी निघाली, त्यात हिराबाय. शिरगावचा किल्ला मागे पडला, खाजणं मागे पडली, आणि आम्ही ठरल्या वेळेत पालघरच्या रुग्णालयासमोर उभे राहिलो. गजाननने मागचं दार उघडलं, दोघांनी स्ट्रेचर बाहेर ओढायला सुरुवात केली. पहिल्यांदा अर्थातच धर्माचे पाय बाहेर आले.

"थांबा," हिराबाय म्हणाली. ती टेम्पोतून उतरून सरळ स्ट्रेचरच्या दांड्याला येऊन भिडली होती. "पाय पुढं करून नाय न्यायचा."

"हिराबाय, हे नाटक हाय," मालतीबाई म्हणाल्या. "धर्मा जिता हाय."

"जिता हाय म्हनून तर सांगते. मेल्याला पाय पुढं करून काढतात. जित्याला डोकं पुढं."

धर्मालाही ते पटलेलं दिसलं, कारण तो उठून बसायला लागला. टेम्पोतून आलेल्या चौघा पुरुषांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी स्ट्रेचर उचललं आणि तिथल्या तिथे, दार आणि खांब यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत गोल फिरवलं. नळी स्ट्रेचरच्या पायाला वेढली, ताणली गेली आणि सिलिंडरच्या तोंडापासून निखळली. ऑक्सिजन फुसकन सुटला. दट्ट्या वरच्या वर थांबला.

मी चिडले. तिथे, सगळ्यांसमोर, मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. हिराबाय शांतपणे ऐकत होती. माझं बोलणं संपल्यावर तिने पदर खोचला आणि धर्माला म्हणाली, "चल आता, डोकं पुढं झालं."

पालघर

रुग्णालयासमोरच्या टपरीवर आम्ही तिघं बसलो. मालतीबाई माझ्यापेक्षाही जास्त संतापलेल्या होत्या, कारण ती त्यांच्याच गावची माणसं. "वॉचमनला सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "आपली गाडी आली की फाटक लावून घ्यायचं. नातेवाईक बाहेर."

मी त्या वॉचमनकडे पाहिलं. तो फाटकाला टेकून शेंगा खात होता. अख्ख्या कोळीवाड्याला हा अडवणार? आणि का अडवावं? नागपूरला माझ्या स्वतःच्या घरात पलंग असा ठेवलेला आहे की झोपताना पाय दक्षिणेला होत नाहीत. कोणी विचारलं तर मी सांगते, पंख्याचा वारा नीट लागतो. पंखा बरोबर मध्यावर आहे.

यंत्र बंद राहिलं ते फार तर दोन मिनिटं. पण ज्याचं हृदय बंद आहे त्याच्या मेंदूला ती दोन मिनिटं परवडत नाहीत. नातेवाईकांना समजावत बसलो असतो तर पाच गेली असती. ट्रस्टला मी हे लिहिलं असतं तर ते म्हणाले असते, बघा, गावाकडे हे चालायचं नाही. आणि यंत्र मुंबईला गेलं असतं.

"मालतीबाई," मी म्हटलं, "दट्ट्याला कळतं का, डोकं कुठे नि पाय कुठे?"

"नाही."

"मग आपण पेशंटला उलटा आत घालू. पाय ड्रायव्हरकडे, डोकं दाराकडे. उतरताना आपोआप डोकं पुढे."

मालतीबाईंनी विचार केला. "मग मी कुठे बसू? मला तोंडावर मास्क धरायला डोक्याशी बसावं लागतं."

"दाराशी. पट्टा बांधून."

"धक्के मागच्या चाकांवर जास्त बसतात," गजानन म्हणाला. "डोक्याला बसतील."

"मग हळू चालव. छाती यंत्र दाबतंय, तुला उडवत न्यायची गरज नाही." हे बोलल्यावर माझं मलाच लख्ख उमगलं की यंत्राचा खरा फायदा हाच होता. आजवर मालतीबाई दमायच्या आत पोचायचं म्हणून गजानन पळवायचा, आणि तो पळवायचा म्हणून त्या पडायच्या.

पुन्हा बोईसर

औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात उत्तर प्रदेशचा एक वेल्डर होता. त्याने मॅटाडोरमध्ये डोकं घालून सगळं ऐकून घेतलं. "सब उल्टा करवा रही हैं आप," तो म्हणाला. मग कामाला लागला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. मागच्या दाराशी मालतीबाईंसाठी घडीची बैठक झाली, तिला ट्रकवाल्यांचा जाड पट्टा लागला. लांब नळी मी काढूनच टाकली आणि मधल्या आकाराचा सिलिंडर स्ट्रेचरच्या खालीच बांधून घेतला, म्हणजे स्ट्रेचर फिरवा, उचला, नाचवा, यंत्र त्याच्याबरोबर जाईल. डोक्याखाली गजाननने घरून स्पंजाची उशी आणली. बायकोला विचारलं का, असं मी विचारलं तर तो नाल्याकडे बघायला लागला. नाला त्या दिवशी खरंच निळा होता.

पोत्याला आम्ही तीनदा पालघरला नेलं. पहिल्या खेपेला रबरी गादी घसरून वाळूच्या पोटात गेली. म्हणून मालतीबाईंनी एक युक्ती काढली. जखमेवर लावायच्या जांभळ्या औषधाचा एक ठिपका आधीच छातीवर मधोमध काढायचा, म्हणजे गादी हलली की लगेच दिसतं. तिसऱ्या खेपेला ठिपका शेवटपर्यंत गादीखालीच होता. संध्याकाळी आम्ही ढाब्यावर जेवलो. मी तंदुरी रोटी खाल्ली आणि चक्क बोंबलाची आठवण काढली. उद्या सातपाटीला पुन्हा तालीम, असं ठरलं.

शिरगावची वाट

तालीम झाली नाही. सकाळी आम्ही गावात पोचलो तेव्हा रस्त्यावरचा जवळा आधीच बाजूला केलेला होता आणि हिराबाय वाटेत उभी होती.

"बरं झालं आलात. मानूस सकाळधरनं छाती धरून बसलाय. घामानं भिजलाय. वारं धरलंय म्हनतो."

नारनदादा ओट्यावर बसले होते. चेहरा राखेसारखा, डावा हात मांडीवर नुसता पडलेला. नाडी पाहिली आणि मला कळलं. मी म्हटलं, "दादा, गाडीत चला." ते म्हणाले, "जरा बसतो." मी म्हटलं, "गाडीत बसा." आणि त्यांना बसू दिलं नाही, निजवलं. मालतीबाईंनी सदरा वर करून जांभळा ठिपका काढला. फळी पाठीखाली गेली. ओट्यावरून निघताना डोकं पुढे, अंगणात स्ट्रेचर फिरवलं, आणि पायाच्या बाजूने आत. कोणी हूं की चूं केलं नाही. हिराबाय पुढे गजाननशेजारी बसली.

शिरगावच्या अलीकडे नारनदादा माझ्याकडे बघून काहीतरी बोलत होते. शब्द मध्येच तुटला. डोळे उघडेच राहिले. मी मानेवर बोटं ठेवली. काही नाही.

दट्ट्या ठिपक्यावर आणला आणि चावी फिरवली. ठक, ठक, ठक. मालतीबाईंनी मास्क तोंडावर दाबला आणि त्या त्याला जोडलेला हवेचा फुगा दाबायला लागल्या. पहिल्या काही दाबांतच बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो आवाज मला ओळखीचा आहे, हिराबायला नव्हता. पुढच्या खिडकीतून ती मागे वळून बघत होती.

"त्याला मारतंय ते," ती म्हणाली.

"जगवतंय," मी म्हटलं. "इकडे बघू नकोस, रस्त्याकडे बघ."

ती बघतच राहिली. गजाननच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. त्याला पळवायचं होतं, दिसत होतं मला. "हळू," मी म्हणत राहिले. खड्ड्यात गादी दोन बोटं सरकली, ठिपका दिसला, मी ती परत बसवली. मालतीबाई पट्ट्याला लटकून, पाठ दाराला लावून, फुगा दाबत होत्या. पडल्या नाहीत. त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील असं वाटलं, नंतर कळलं की त्या दट्ट्याबरोबर आकडे मोजत होत्या. मी आयुष्यात खूप घाबरले असेन, पण त्या वाटेवर मी इतकी हट्टाला पेटले होते की भीतीला जागाच उरली नव्हती.

पालघरला दार उघडलं. फाटकापाशी आळीचा टेम्पो आमच्या मागोमागच थांबला, माणसं उड्या टाकून उतरली. स्ट्रेचर बाहेर सरकलं, आधी नारनदादांचं डोकं, मग छाती आणि तिच्यावर चाललेला दट्ट्या, मग खालचा सिलिंडर. माणसं बाजूला झाली. वाट मोकळी झाली, आणि आम्ही न थांबता सरळ खाटेपर्यंत गेलो. ठक, ठक, ठक. तिथे विजेचा धक्का द्यायचं यंत्र तयार होतं. पहिल्या धक्क्याने काही झालं नाही. पुन्हा दट्ट्या. दुसऱ्या धक्क्यानंतर पडद्यावरची वेडीवाकडी रेघ सपाट झाली, आणि मग तिच्यावर एक उंचवटा आला. मग आणखी एक.

मी चावी बंद केली. खोलीत एकदम शांत वाटलं. बोटांखाली नारनदादांची स्वतःची नाडी लागत होती. मी रडले. भूल देणारे डॉक्टर रडत नाहीत, असं विद्यार्थ्यांना सांगत आलेय, तरी रडले.

परतण्याआधी

ट्रस्टला फोन केला. सचिव म्हणाले, "एकाच पेशंटवरून ठरवायचं का?" मी म्हटलं, "यंत्र बोईसरला राहील. न्यायचं असेल तर तुम्ही स्वतः या आणि सातपाटीच्या लोकांसमोरून उचलून न्या." मग ते म्हणाले, राहू द्या.

नागपूरला निघायच्या आदल्या सकाळी मालतीबाईंबरोबर मी रुग्णालयात गेले. नारनदादा उशांना टेकून बसले होते. चेहऱ्यावर रंग होता, आणि राग होता. शेजारी हिराबाय पेज घेऊन बसलेली.

"आली डाक्टरीन," हिराबाय म्हणाली. "विचार तिला."

"माझ्या फासळ्या मोडल्या तुमच्या मशीननं," नारनदादा म्हणाले.

"तीन," मी म्हटलं.

"खोकताना जीव जातो. होडीवर जाऊ कधी? जाळं काय तुमी वढनार?"

"येवढा मोसम घरात बसनार हा मानूस," हिराबाय म्हणाली. "माज्या डोक्यावर." ती खरोखर चिडलेली होती. आभाराचा एक शब्द दोघांच्या तोंडून निघाला नाही आणि मला त्याची आठवणही झाली नाही.

मालतीबाई दाराशीच थांबल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी गाडीतून दाबत आणलेल्या माणसांपैकी कोणीच त्यांच्याशी कधी बोललं नव्हतं. त्या आत आल्या, भिंतीपाशी पडलेलं स्टूल त्यांनी ओढलं, खाटेला चिकटवून ठेवलं आणि त्यावर बसल्या.

"अजून कुठं दुखतं?" त्यांनी विचारलं.

"पाठ," नारनदादा म्हणाले. "त्या फळीनं."

"अजून?"

नारनदादांनी वेडी आहे की काय अशा नजरेने त्यांच्याकडे पाहिलं. "मान पन दुखते."

"सांग दादा," मालतीबाई म्हणाल्या, "सगलं सांग. मी बसलेय."